उगाच फिरणाऱ्या बायका

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग नातवाची परीक्षा, मग... असो. कारणं सांगत बसत नाही. आज बसले आहे ती रागाने, आणि राग आहे तोवरच लिहून टाकते, नाहीतर पुन्हा राहून जाईल.

झालं असं की आमच्या घरच्या ग्रुपवर भाच्याने एक मेसेज टाकला. (तो हे वाचणार आहे. बाळा, तुझं नाव लिहीत नाही, पण सगळ्यांना कळणारच!) मेसेज त्याचा स्वतःचा नव्हे, कुठून तरी आलेला आणि पुढे ढकललेला. एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून बायका उगाच फिरायला लागल्या, कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा तालुक्याला जातात, आणि पूर्ण पैसे भरणारा पुरुष बिचारा दांडीला लोंबकळतो, अशा अर्थाचा. खाली ती हसून हसून रडणारी पिवळी तोंडं. चौघांनी अंगठे दिले होते. त्यातल्या दोघी आमच्याच घरच्या बायका, हे विशेष!

मी सरळ फोन लावला.

"अरे, तू एसटीत शेवटचा कधी बसलास?"

"आत्या, विनोद आहे गं तो. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

"तरी सांग ना."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "कॉलेजला होतो तेव्हा." म्हणजे वीस वर्षं होऊन गेली. पण गडी हटायला तयार नाही. "पण आत्या, तूच सांग, बायकांचं फिरणं वाढलंय की नाही?"

वाढलंय ना! शंभर टक्के वाढलंय. मी कराडच्या स्टँडवर आठवड्यातून एकदा तरी असते, मला दिसत नाही का? भांडण त्यावर नाहीच. माझं भांडण 'उगाच' या शब्दाशी आहे. एकतीस वर्षं मराठी शिकवलंय, त्यामुळे शब्दात अडकायची खोड आहे म्हणा. कोण उगाच फिरतंय हे ठरवतो कोण?

आता परगावच्या आणि परदेशातल्या वाचकांसाठी थोडी माहिती, म्हणजे पुढचं कळेल. आपल्या एसटीत २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धं, ते आधीपासूनच होतं. आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना, वय कितीही असो, अर्धं तिकीट. साधी लालपरी असो नाहीतर शिवनेरी. फक्त राज्याच्या हद्दीपर्यंत. आमची बेळगावची नणंद इथून परत जाते तेव्हा हद्दीपर्यंत अर्धी असते आणि पुढे पूर्ण होते! मी स्वतः पंचाहत्तरी ओलांडली असल्यामुळे आधार कार्ड दाखवून म्हातारपण सिद्ध करते आणि शून्य रुपयांचं तिकीट हातात घेते.

आता माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते. तिला विचारूनच लिहिते आहे.

ती ढेबेवाडीच्या वर एका वाडीत असते. आमच्या दोघींत बारा वर्षांचं अंतर. मी तिला कडेवर खेळवलंय. माझ्या वेळी वडील होते म्हणून मी बी.ए.पर्यंत गेले, तिच्या वेळी ते नव्हते, त्यामुळे ती सातवीतून घरी बसली आणि लवकरच उजवली गेली. कराड ते ढेबेवाडी अंतर ते किती? पंचवीसेक किलोमीटर. तरी वर्षानुवर्षं आमची भेट दिवाळीला आणि एखाद्या लग्नात. मी फोनवर म्हणायचे, ये की गं दोन दिवस. तिचं एकच उत्तर, "अक्का, गुडघं लई दुखत्यात, एसटीच्या पायऱ्या चढवत न्हाईत." मी तिला तेल पाठवलं, गुडघ्याचे पट्टे पाठवले, एका डॉक्टरांचा पत्ता पाठवला.

२००९ साली आमची आई शेवटच्या दुखण्यात माझ्याकडे होती. साडेचार महिने. त्या साडेचार महिन्यांत धाकटी तीन वेळा आली. मी शाळा, घर आणि आईचं अंथरूण यांत पिचून गेले होते. तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा मी दारातच बोलले, "पाहुण्यासारखी येतेस आणि पाहुण्यासारखी जातेस." ती काही बोलली नाही. आईला पेज भरवली, तिचे केस विंचरले, मोरीतली भांडी घासली आणि चारच्या गाडीने गेली. नंतर ती आली ती आई गेल्यावरच.

मार्च २०२३ मध्ये अर्धं तिकीट सुरू झालं. एप्रिलमध्ये धाकटी आली. मे महिन्यात दोनदा आली. पावसाळ्यात पावट्याच्या शेंगा घेऊन आली. मी म्हटलं, "गुडघे कसे आहेत?" म्हणाली, "बरं हाय की आता." मी हसले. तीही हसली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मला हसू येईना. दुसऱ्या दिवशी मी तिला स्पष्टच विचारलं. तिने सांगितलं ते असं की तेव्हा तिकिटाचे पैसे नवऱ्याकडे मागावे लागायचे. जायचं-यायचं तिकीट म्हणजे जवळजवळ अर्ध्या दिवसाची भांगलण, आणि इकडे आलं की त्या दिवसाची मजुरी बुडायची ती वेगळीच.

"मग मला सांगायचं नाहीस का? मी दिले असते ना पैसे."

"म्हनून तर न्हाई सांगितलं."

यावर मी काय बोलणार होते? आई जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

तर बाळा, माझ्या बहिणीच्या फेऱ्या वर्षाला दोनावरून वीसावर गेल्या. तुझ्या मेसेजच्या हिशेबाने अठरा फेऱ्या 'उगाच' झाल्या. त्या अठरा फेऱ्या तिच्या पोटात आधीपासून होत्या रे. तिकीट अर्धं झालं म्हणून बाहेर आल्या.

हे झालं माझ्या घरचं. पण एसटीत बसलं की माणसं बोलतात, आणि शिक्षिकेला न विचारताही लोक सगळं सांगतात. त्यातून मला एक गंमत कळली, ती कुठल्या मेसेजमध्ये येत नाही. पूर्वी तालुक्याची कामं पुरुषांची असायची. सातबारा काढायचा, बँकेत जायचं, पोराचा दाखला, लाईटबिलाची तक्रार, खताची चौकशी. बाप्या माणूस सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा, स्टँडसमोर दोन चहा व्हायचे, चार ओळखीचे भेटायचे आणि काम झालं नाही तरी दिवस बरा जायचा. (हे फिरणं उगाच होतं का, असं कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही!) आता घराघरांत नवीन वाक्य निघालंय. "तूच जा, तुला अर्धं तिकीट आहे."

आणि बायका जातात. पहिल्या वेळी गोंधळतात. कुठली खिडकी, कुठला साहेब, कुठला कागद. दुसऱ्या वेळी शेजारणीला बरोबर नेतात. तिसऱ्या वेळी शेजारणीलाच समजावून सांगतात. मागे एक बाई माझ्या शेजारी बसली होती, चाळिशीची असेल. पिशवीत कागदांची गुंडाळी. म्हणाली, लग्नाला बावीस वर्षं झाली, घरच्या जमिनीच्या उताऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते मी पहिल्यांदा गेल्या महिन्यात वाचलं. "माझं नाव न्हाई त्यात," म्हणाली. आवाजात राग नव्हता. नुसतं कळलं होतं तिला. वीस-पंचवीस रुपये वाचवायला नवऱ्याने तिला पाठवली होती.

आता यात सगळंच गोड आहे असं नाही. तिचं घरातलं काम कमी झालेलं नाही, त्यात हे बाहेरचं वाढलं. म्हणून तर बायकांची गर्दी दहाच्या गाडीला आणि चारच्या गाडीला. सकाळचा स्वयंपाक उरकून निघायचं आणि संध्याकाळच्या भाकरीला परत पोचायचं. आमच्याकडेही वेगळं नाही. "आई, तू साताऱ्याला जाशील का? तुला तिकीट लागत नाही ना," असं माझा मुलगा इतक्या सहजपणे म्हणतो की या वयात मी घरातली कुरियर झाले आहे. तक्रार नाही हो, मला आवडतं. पण गंमत लक्षात घ्या. गाडी तीच आणि रस्ताही तोच. नुसतं तिकीट बदललं आणि कामाला कुणी जायचं ते बदललं.

आमच्या भागात वडाप आहे. बाहेरच्यांना सांगते, वडाप म्हणजे माणशी पैसे घेऊन धावणारी जीप. तिला वेळापत्रक नाही, भरली की सुटते. आणि 'भरली' याचा अर्थ नऊ माणसांच्या जागेत चौदा. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीला एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात वडाप नसतं तर आमचं काय झालं असतं कोण जाणे! पण अनोळखी पुरुषांच्या मांडीला मांडी लावून बसायचं नको म्हणून कितीतरी बायका जायच्याच नाहीत. आता त्या तासभर स्टँडवर बसतील पण एसटीनेच जातील. वडापवाल्यांचा धंदा बसला हे खरं आहे. माझा एक जुना विद्यार्थी वडाप चालवायचा, त्याने गाडी विकली. भेटला की म्हणतो, "बाई, तुमच्या अर्ध्या तिकिटानं मला पूर्ण बसवला." त्याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

शाळेतलंही आठवतं. मी नोकरीला लागले तेव्हा आठवीच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या. गावात शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल पुढच्या गावाला. मुलगा चालत जाईल, सायकलवर जाईल, मुलीला कोण पाठवणार? पुढे अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आली, खेड्यातल्या मुलींना शाळेला जायला एसटीचा मोफत पास. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत वर्गाचा एक अख्खा अर्धा भाग भरलेला पाहिला. नुसत्या पासाने झालं असं मी म्हणणार नाही, काळही बदलत होता. पण पासाचे फॉर्म मी स्वतः भरून घेतलेत, मला माहीत आहे कुठली मुलगी कशामुळे आली. त्या मुली शाळा सुटल्यावर स्टँडवर रिबिनी घ्यायच्या, बोरं खायच्या, एक गाडी मुद्दाम सोडून दुसरीने जायच्या. म्हणजे त्याही उगाच फिरायच्या! धाकटीच्या वेळी असा पास असता तर... जाऊ दे.

आता उलटी बाजू. सवलत काढून घेतली की काय होतं, तेही सांगते. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना सवलत होती, साठीच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या बायकांना ५० टक्के. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या निमित्ताने ती थांबवली ती थांबवलीच. मी दर दोन वर्षांनी जबलपूरला धाकट्या दिरांकडे जायचे. पेन्शन आहे, अगदी जाताच येणार नाही असं नाही. पण आता मनात हिशेब होतो. यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. असं करत करत पाच वर्षं गेली. दीर फोनवर म्हणतात, "वहिनी, गुडघे दुखतात की काय?" त्यांना धाकटीची गोष्ट माहीत आहे, म्हणून चिडवतात.

आता पैशाचं बोलू, कारण भाच्याचा खरा मुद्दा तोच. "आत्या, पण हे पैसे आमच्या टॅक्समधून जातात." जातात. सवलतीची रक्कम सरकारने एसटी महामंडळाला भरून द्यायची असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनीच सांगितलं की या सवलतींमुळे एसटीला रोज ३ कोटींचा तोटा होतो. त्यावर गदारोळ झाला आणि सवलत बंद होणार नाही असा खुलासाही झाला. मला यातला 'तोटा' हा शब्दही खटकला. (पुन्हा शब्द! काय करू?) समजा चाळीस सीटची गाडी ढेबेवाडीहून निघाली आणि वीस सीट रिकाम्या आहेत. रिकाम्या सीटलाही डिझेल लागतंच ना? त्या सीटवर माझी बहीण अर्धे पैसे देऊन बसली. अर्धं तिकीट नसतं तर ती पूर्ण पैसे देऊन बसली नसती, ती घरी राहिली असती. मग तिच्या सीटचा तोटा कसा धरायचा? हां, जी बाई पूर्ण पैसे देऊन जातच होती तिच्या बाबतीत अर्धे पैसे गेले, हे मान्य. शिवनेरीने पुणे-मुंबई करणाऱ्या माझ्या सुनेला अर्ध्या तिकिटाची काहीही गरज नाही. तिथली सवलत उद्या काढली तर मी एक अक्षर बोलणार नाही. (सूनबाई, राग मानू नकोस.)

आणि मतांसाठी दिली म्हणतात. दिली असेल. आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं तेही निवडणुकीच्या आदल्या महिन्यात. म्हणून आम्ही विहिरीवर जायचं का?

राहिला तो बिचारा लोंबकळणारा पुरुष. त्याचं म्हणणं मला पटतं. सकाळी एमआयडीसीत कामाला जाणारा पोरगा पूर्ण तिकीट काढून उभा असतो, तो काही श्रीमंत नाही. पण त्याने कुणावर चिडायचं? कोरोनाच्या आधी एसटीकडे अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या. नंतर कितीतरी काळ त्या पंधरा हजारांच्या आसपास राहिल्या. माणसं बोलावली जास्त आणि पानं मांडली कमी! मग पंगतीत उभं राहणाऱ्याने बसलेल्यांना शिव्या द्यायच्या, की आमंत्रण देणाऱ्याला विचारायचं? जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं तेव्हा त्या पोराच्या खिशाला चाट बसली, तशी बायकांच्या अर्ध्या तिकिटालाही बसली. त्यावर मात्र आमच्या ग्रुपवर एकही पिवळं तोंड हसलं नाही.

मागच्या महिन्यात मी उभी होते. एक तरुण मुलगा बसलेला, कानात वायरी. कुणीतरी त्याला म्हटलं, "अरे, आजींना जागा दे." तो म्हणाला, "फुकटवाल्यांनी उभं राहावं." हळूच म्हणाला, पण माझे कान अजून चांगले आहेत. आता प्रत्येक एसटीत आमदार-खासदारांसाठी राखीव सीट असते बघा, खिडकीच्या वर तसं लिहिलेलंही असतं. आमदारांनाही तिकीट नसतं. इतक्या वर्षांत त्या सीटवर बसलेला आमदार मला एकदाही दिसला नाही, पण त्यांना कुणी फुकटवाले म्हटल्याचंही ऐकलं नाही. मला वाईट वाटलं ते माझ्यासाठी नाही. मी बाई म्हणून चाळीस वर्षं वावरले आहे, पोरांचं बोलणं मला लागत नाही. पण त्या वेळी माझ्या मागे धाकटी उभी होती आणि तिनेही ते ऐकलं. उतरल्यावर म्हणाली, "अक्का, पुढच्या महिन्यात येत न्हाई मी. भात कापायला आलंय." भात अजून हिरवं होतं.

म्हणून मला तो मेसेज झोंबला रे बाळा. तुला वाटतं विनोद आहे, पण तो फिरत फिरत गाडीत जाऊन बसतो, आणि ज्या बाईने साठी ओलांडल्यावर घराबाहेर पडायला सुरुवात केली तिचे गुडघे पुन्हा दुखायला लागतात.

येत्या रविवारी भाचा येतोय, स्वतःच्या गाडीने. मी त्याला सांगून ठेवलंय की गाडी आमच्या दारात उभी राहील आणि आपण दोघं एसटीने ढेबेवाडीला धाकटीकडे जाऊ. आधी कुरकुरला, मग हो म्हणाला. तिकिटाचे पैसे मी देणार आहे. त्याच्या एकट्याचेच द्यायचे आहेत.